दिवंगतांच्या पसंतीची दहा मिनिटं

"तारखेचा रकाना कोरा ठेवता येणार नाही," असं म्हणत किंद्रात ओमेल्यानोविचने अर्ज टेबलावरून परत सरकवला.

मेलान्याने चष्मा नाकावर खाली ओढून अर्ज पुन्हा वाचला. अर्जदाराचं नाव होतं, दिवंगताचं नाव होतं, नात्याच्या रकान्यात 'पत्नी' असंही होतं. मृत्यूची तारीख तेवढी नव्हती.

"तो अजून गेलेला नाही," ती म्हणाली.

"ते मला माहितीय. सकाळीच भेटला कँटीनमध्ये. दोन वाडगे बोर्श्चचं सूप प्यायला आणि वर मलाच म्हणतो, तू फार वाळलास. पण हे कागदाला कसं कळणार?"

"'ठरायची आहे' असं लिहू?"

किंद्रात विचारात पडला. तो थिएटरचा व्यवस्थापक होता आणि युनियनचा सेक्रेटरीही. हिवाळ्याच्या बटाट्यांची पोती, समुद्रकाठच्या विश्रामगृहाचे पास आणि कलावंतांचे अंतिम निरोप, हे सगळं याच टेबलावरून सुटत असे. बटाट्यांच्या बाबतीत तक्रारी यायच्या. निरोपाबद्दल आजवर एकही आली नव्हती.

"'ठरायची आहे' चालेल," तो शेवटी म्हणाला. "नव्या प्रयोगांच्या यादीतही आपण तसंच लिहितो."

लुक्यान प्रोकोपोविच श्वायका अडतीस वर्षं त्या थिएटरचा बास, म्हणजे खर्जाच्या आवाजाचा गायक होता. बास माणसाच्या वाट्याला ऑपेरात जे येतं ते सगळं त्याने गायलं होतं: राजे, धर्मगुरू, तुरुंगाधिकारी, मुलीचं लग्न मोडणारे बाप आणि दोनदा सैतान. प्रेम त्याने रंगमंचावर कधीच केलं नाही, ते उंच आवाजाचे टेनर लोक करत. सरकारने त्याला 'सन्मानित कलावंत' हा किताब दिला होता आणि शहरातली माणसं ट्रॉलीबसमध्ये उठून त्याला जागा देत. त्याचं स्वतःचं म्हणणं मात्र असं होतं की आपण मुळात गायक नाहीच, संगीतकार आहोत. गाणं हा पोटापाण्याचा उद्योग झाला.

पुरावा म्हणून त्याच्याकडे एक ऑपेरा होता. नाव 'मिठाची वाट'. बैलगाड्या घेऊन दक्षिणेच्या समुद्राकडे मीठ आणायला निघालेले गाडीवान, वाटेत साथीने मरणारा त्यांचा म्होरक्या, माळावरचं दफन आणि पुन्हा वाट. बावीस वर्षं तो ऑपेरा थिएटरच्या कलापरिषदेपुढे होता. पहिल्या वर्षी परिषद म्हणाली, म्होरक्या मरतो हे निराशाजनक आहे, त्याला नुसता जखमी करा. लुक्यानने केला. मग अध्यक्ष बदलले. नव्यांनी विचारलं, देशात एवढी प्रगती झाली असताना माणसं बैलगाडीने का जातात? लुक्यानने चौथ्या अंकात आगगाडी घातली. तिसऱ्या अध्यक्षांनी आगगाडीवर बोट ठेवून विचारलं, त्या काळी ही होती का? आगगाडी निघाली. मग बैल जास्त झाले, कारण पोशाखघरात दोनच बैल होते आणि त्यांतल्या एकाचे मागचे पाय कसर लागून गेले होते.

प्रत्येक बदलानंतर सगळ्या वाद्यांचे कागद नव्याने उतरवावे लागत, कारण अपुरी फाइल परिषद उघडतच नसे. ते काम मेलान्या करायची. ती थिएटरच्या ग्रंथालयात स्वरलिपींची नक्कल करणारी होती. एकतीस वर्षांत या थिएटरात वाजलेला प्रत्येक स्वर कधी ना कधी तिच्या टाकाखालून गेला होता. तिला कुणी विचारत नसे की हे संगीत कसं आहे. विचारत ते एवढंच, की गुरुवारपर्यंत होईल का.

वसंतात लुक्यानला हृदयविकाराचा दुसरा झटका आला. इस्पितळात पडल्या पडल्या वाचायला काही नव्हतं म्हणून त्याने युनियनची नियमावली वाचली, आणि कलम सतराशी येऊन तो असा ताडकन उठून बसला की नर्स ओरडली.

सन्मानित कलावंत गेला की त्याची शवपेटी रंगमंचावर ठेवतात, रंगमंचापुढच्या खड्ड्यात वाद्यवृंद बसतो, आणि पेटी मोठ्या दारातून बाहेर जाताना सगळं शहर टाळ्या वाजवतं. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कलम सतरा पुढे म्हणत होतं की या वेळी 'दिवंगतांच्या पसंतीची दहा मिनिटं' वाजवावीत. ती कलापरिषदेपुढे ठेवण्याची गरज नाही. आणि संगीत अपरिचित असल्यास त्याची तालीम आधी घ्यावी. ही ओळ एका टेनरच्या निरोपानंतर घातलेली होती, त्या वेळी वाद्यवृंदाने असा काही गोंधळ घातला होता की विधवेला हसू आवरेना. तालीम किती आधी, हे मात्र लिहायचं राहून गेलं होतं.

"माझं बाकी काही मागणं नाही," तो मेलान्याला म्हणाला होता. "एकदा ऐकायचंय. मेल्यावर मला काय ऐकू येणार? आत्ता ऐकायचंय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, हिवाळा बघू."

"कसे म्हणाले?"

"खिडकीकडे बघत म्हणाले."

मेलान्याने दुसऱ्याच दिवशी अर्जाचा नमुना आणला.

तालीम गुरुवारी सकाळी अकराला लागली. पाऊण तास मिळाला होता, त्यानंतर मुलांच्या बॅलेतले ससे येणार होते. लुक्यान काळा सूट घालून आला. हाच सूट पुढेही वापरायचा होता, त्यामुळे मेलान्याने त्याला वाटेत कुठेही बसू दिलं नव्हतं. दोन वह्या त्याने छातीशी धरल्या होत्या: एक त्याची स्वतःची, पियानोवर बसून लिहिलेली जुनी वही, आणि दुसरी मेलान्याच्या अक्षरातली पूर्ण स्वरलिपी.

दारात किंद्रात फुलं घेऊन उभा होता.

"दिवंगताने तालमीला बसावं की नाही, याबद्दल नियमच नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "सगळी नियमावली चाळली. तेव्हा बस. पण दाद देऊ नकोस, उगाच प्रश्न निघतील."

"आणि ही फुलं?"

"युनियनकडून."

लुक्यानने फुलं मोजली. कार्नेशनची सात होती. रीत अशी, की जिवंत माणसाला विषम द्यायची, मेलेल्याला सम.

"खूप विचार केला रे," किंद्रात म्हणाला. "सातच आणली. वेळ आली की एक काढून घेऊ."

खड्ड्यातून साव्काने डबल बेसच्या मागून मान वर काढली. सव्वीस वर्षं तो तिथेच उभा राहून वाजवत होता आणि लुक्यानचा प्रत्येक राजा त्याने पायांपासून पाहिला होता.

"लुक्यान! काय दिसतोयस रे! कोण म्हणेल मेलायस!"

"तू नीट वाजव. मी वरून बघणार आहे."

"वरून म्हणजे? बाल्कनीतून?"

"गप रे, माकडा."

"बघा, मेला तरी शिव्या जात नाहीत," साव्का व्हायोलावाल्या बाईला म्हणाला. तिने सूर्यफुलाच्या बिया रुमालात बांधून खिशात टाकल्या.

वाद्यवृंदाचा कंडक्टर यारेमा बोहदानोविच या हंगामातच ल्वीवहून आला होता. वय चौतीस, स्वभाव नम्र, घड्याळ टेबलावर. त्याने लुक्यानला वाकून नमस्कार केला, कठड्याशी उभ्या असलेल्या मेलान्यालाही केला. ती पेन्सिल कानामागे, पट्टी आणि खोडरबर हातात घेऊन उभी होती. कागदात चूक निघाली तर जागेवर दुरुस्त करणं हे तिचं काम.

"तिसऱ्या अंकाचा शेवट," यारेमा म्हणाला. "म्होरक्याचं मरण, दफन, आणि गाड्या पुढे निघतात तो भाग. पहिल्यांदाच वाचतोय आपण, तेव्हा सांभाळून. अडलो की थांबू."

लुक्यान तिसऱ्या रांगेत बसला. हात मांडीवर दाबून धरले.

वाद्यवृंद अडला नाही.

पहिलं पान सरलं, दुसरं सरलं. व्हायोलिनं एका श्वासात चढली आणि एका श्वासात उतरली. चेलो जिथे पुढे यायचे तिथे आले, सनईसारखा ओबो जिथे मागे राहायचा तिथे राहिला. पन्नास माणसांनी कधी न पाहिलेले कागद असे वाजवले, जणू आयुष्यभर तेच वाजवत आली आहेत. लुक्यानचे डोळे भरून आले. बावीस वर्षं परिषदेने हे एकदाही वाजू दिलं नव्हतं. त्याने वळून मेलान्याकडे बघितलं. ती कागदांकडे बघत होती.

तेवढ्यात हॉर्नवाल्याने दोन जोरदार स्वर काढले आणि एकटाच थांबला.

यारेमाने हात खाली केले. "तुमच्या कागदावर हे आहे?"

हॉर्नवाल्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "नाही. माफ करा. सवयीनं आलं."

"कसली सवय?"

"इथं मी येतो ना," तो चाचरत म्हणाला. "म्हणजे, दुसऱ्या शनिवारच्या त्या ऑपेरात. इथं राजा आत येतो, तेव्हा हॉर्न असतो."

कुणीतरी खोकलं. यारेमा चटकन म्हणाला, "ठीक आहे, पुढे," आणि काठी उचलली.

लुक्यानला राग आला होता. झोपाळू माणूस, कुठलं कुठे वाजवतो. मग त्याचं लक्ष साव्काकडे गेलं. साव्का डोळे मिटून वाजवत होता. व्हायोलावाली बाई खिडकीतून अंगणात काय चाललंय ते बघत होती आणि तिचा गज मात्र बिनचूक चालला होता. पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्याने पान संपायच्या दोन ओळी आधीच उलटून ठेवलं होतं.

हळूहळू सगळी वाद्यं खाली गेली, एकटे चेलो उरले, आणि त्या एका जागी लुक्यान खुर्चीतून उठला. छाती भरली, डावा पाय पुढे टाकला, हनुवटी वर गेली. असा तो पुढच्या खुर्चीच्या पाठीला धडकेपर्यंत चालत गेला. मग त्याला कळलं की आपण का उठलो. इथे म्हातारा बाप जिना उतरून खाली येतो. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, एकोणतीस वर्षं तो याच स्वरांवर उतरला होता.

तो पुन्हा बसला. म्होरक्या मेला, आणि तुरुंगाधिकाऱ्याच्या प्रार्थनेवर मेला. दफन झालं, आणि धर्मगुरूच्या मिरवणुकीत झालं. आता तो मुद्दाम ऐकत नव्हता, तरी एकेक जण ओळखीचा निघत होता, जणू लग्नाला बोलावलेले पाहुणे आपापली भेट घेऊन दारातून आत येत होते आणि प्रत्येक भेटीवर दुसऱ्याच कुणाचं नाव लिहिलेलं होतं. सैतानसुद्धा आला. दोनदा.

आणि मग वाद्यवृंद अडला.

व्हायोला एका स्वरावर थांबून राहिल्या, ओबो वर गेला, सगळे तो खाली येण्याची वाट बघू लागले आणि तो खाली आलाच नाही. दोन व्हायोलिनं चुकून उतरली. साव्काने डोळे उघडले. सगळा डोलारा कोसळून शांत झाला.

"कागदात चूक आहे का?" यारेमाने विचारलं.

मेलान्या कठड्यावरून वाकली, ओबोचा कागद बघितला, व्हायोलाचा बघितला. "चूक नाही," ती म्हणाली.

"पुन्हा घेऊ. सावकाश."

लुक्यानने त्याची जुनी वही उघडली. दफनानंतरचं पान. वरचा अर्धा भाग त्याच्या अक्षरात होता. खाली, उभ्या रेघांनी पाडलेले आठ खण मात्र दिसत नव्हते. तिथे तळहाताएवढा तपकिरी-लाल डाग होता, बिटाच्या आंबवलेल्या रसाचा. घरी पियानोवर वाजवताना तो या डागाशी नेहमी थांबायचा, चहाचा घोट घ्यायचा आणि पान उलटायचा. चौदा वर्षं.

चौदा वर्षांपूर्वी तो ओम्स्कला दौऱ्यावर होता, तेव्हा तिची तार आली होती. रस सांडला. आठ खण गेले. काय करू. त्याने उलट तार केली होती. सोमवारी परिषद. सोमवारी दे. परत आल्यावर त्याने त्याबद्दल विचारलं नव्हतं आणि तिनेही काही सांगितलं नव्हतं. फाइल त्या सोमवारी वेळेवर गेली होती.

वाद्यवृंदाला तिसऱ्या खेपेला ते जमलं. व्हायोला त्या एका स्वरावर थांबल्या. त्यावर ओबो निघाला, दफनावरून परतलेल्या कुणीतरी गाड्या मोजाव्यात तसा, एक एक करत, आणि शेवटच्या गाडीशी येऊन तिथेच राहिला, कारण तिच्यावर बसायला माणूस नव्हता. बाकी काही झालं नाही. एवढंच होतं. मग धर्मगुरूची मिरवणूक पुन्हा सुरू होणार होती, पण यारेमाने हात वर केले नाहीत.

व्हायोलावाली बाई खिडकीकडून परत वळली होती.

"लुक्यान प्रोकोपोविच," यारेमा म्हणाला, आणि तालीम सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तो घड्याळाकडे न बघता बोलत होता, "हे कुठून आणलंत?"

बावीस वर्षांत लुक्यानला त्याच्या संगीताबद्दल बरंच काही विचारलं गेलं होतं. बैल किती, आगगाडी का. हे कुणी विचारलं नव्हतं. कठड्याशी मेलान्या खोडरबरवरचा काळा कण नखाने काढत होती.

"त्या आठ खणांवर," लुक्यान म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीसारखा शेवटच्या रांगेपर्यंत गेला, "मी अख्खा उन्हाळा घालवला."

मेलान्याने तो कण फुंकून टाकला.

"दिसतंय ते," यारेमा म्हणाला. खड्ड्यातून उगाच सगळे मान डोलवू लागले. साव्काने गजाने डबल बेसच्या पाठीवर टकटक केली, वाद्यवृंदात कौतुक असंच करतात. लुक्यानने मान थोडी झुकवली. पडदा पडल्यावर झुकवायचा तशीच.

"मग एक स्पष्ट बोलू का?" यारेमा म्हणाला. "निरोपाच्या वेळी दारं उघडी असतात, लोक कोट घालून उभे असतात, पेटी जात असते. दहा मिनिटं कोण ऐकतंय? आपण हे आठ खण घेऊ. फक्त एवढेच. पेटी दारापर्यंत पोचेस्तोवर पुन्हा पुन्हा. तुमचं जे आहे ते इथंच आहे. बाकीचं लोकांना…" तो अडखळला. सभ्य माणूस होता. "बाकीचं पुन्हा कधीतरी."

लुक्यानने तोंड उघडलं. अडतीस वर्षांत हे तोंड उघडलं आणि आवाज आला नाही, असं झालेलं नव्हतं. आता झालं. हे माझं नाही, एवढंच म्हणायचं होतं; मग बाकीचं वाजलं असतं, आणि पन्नास माणसांनी ते डोळे मिटून, खिडकीबाहेर बघत वाजवलं असतं.

"चालेल," तो म्हणाला.

"एवढंच ना?" किंद्रात अर्ज घेऊन पुढे आला. त्याला सशांची काळजी होती, ते मागच्या दारात कान लावून जमले होते. "म्हणजे दहा मिनिटांऐवजी आठ खण. संगीत, लुक्यान श्वायका. बरोबर?"

त्याने लुक्यानकडे बघितलं. लुक्यान वहीच्या डागाकडे बघत होता.

"बरोबर," मेलान्या म्हणाली. "अर्जदार मी आहे. सही कुठं करू?"

तिने कठड्यावर कागद ठेवून सही केली. मग ती खड्ड्यात उतरली आणि बाकाबाकाशी जाऊन कागद गोळा करायला लागली. प्रत्येकाकडे फक्त ते एक पान ठेवलं. उरलेली पानं एकावर एक रचत गेली, कोपरे ठोकून सरळ केले, दोरीने बांधले. असे गठ्ठे तिने आयुष्यभर बांधले होते. गाठ मारताना तिला बघायची गरज पडली नाही.

"राहू दे ना इथंच," साव्का हळूच म्हणाला. "जड आहे, मेलान्या त्रोखिमिव्ना."

"इथं कशाला? ससे पाय देतील."

यारेमाने काठी उचलली. "शेवटचं एकदा. मग सोडतो."

"जरा संथ घ्या," लुक्यान तिसऱ्या रांगेतून म्हणाला. आवाज सापडला होता. "माणूस गेलाय शेवटी. संथ हवं."

"संथ नको," खड्ड्यातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. मेलान्या गठ्ठा पोटाशी धरून ओबोच्या बाकाजवळ उभी होती.

"चालण्याच्या लयीत हवं," ती म्हणाली. "बैल थांबलेले नाहीत. ते चालतायत."

यारेमाने पानावर बोट फिरवलं. "इथं तर लयीबद्दल काहीच लिहिलेलं नाही."

"लिहायचं राहिलं होतं."

तिने गठ्ठा खाली ठेवला, कानामागची पेन्सिल काढली आणि ओबोच्या कागदावर वरच्या बाजूला दोन शब्द लिहिले. मग शेजारच्या बाकावर गेली. यारेमा आधी तिच्याकडे बघत राहिला, मग तिसऱ्या रांगेकडे. काठी हातात धरून तो थांबला.

लुक्यानने दोन्ही वह्या मिटल्या.

"ती म्हणते तसं घ्या," तो म्हणाला, आणि पाहुण्यासारखा खुर्चीच्या काठावर सरकून बसला.